बाबांचा फोन रात्री घरी येतो

ठाणे जिल्ह्यातल्या शीळफाट्याला सहसा कुणी आपणहून थांबत नाही, वाहतूक थांबवते. कल्याणहून येणारा रस्ता, मुंब्र्याकडून पनवेलला जाणारा जुना हमरस्ता आणि महापेकडे डोंगर ओलांडून उतरणारा रस्ता इथे एकमेकांना भिडतात. त्यात न्हावाशेवा बंदराचे कंटेनर. वर्तमानपत्रात या ठिकाणाचं नाव येतं ते कोंडीच्या बातमीत. 4 एप्रिल 2013 ला शीळ-डायघरमध्ये बेकायदा उभी राहत असलेली इमारत कोसळून 74 माणसं गेली, तेव्हाही ते आलं होतं. अलीकडे येतं ते बुलेट ट्रेनमुळे. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातला 7 किलोमीटरचा तुकडा ठाण्याच्या खाडीखालून, शीळफाट्याला वर येतो.

शाळा, पुस्तकं, अभ्यास या संदर्भात शीळफाट्याचं नाव कुणी घेत नाही. पण गेल्या काही वर्षांत ‘ऑनलाइन’ नावाचा जो खटाटोप शिक्षणात झाला, तो कुठपर्यंत पोचला आणि कुठे अडला हे पाहायचं असेल, तर पुण्यातल्या सभागृहापेक्षा ही जागा बरी. शीळ, डायघर, देसाई, खिडकाळी, पडले ही मूळची गावं. त्यांच्या भोवती चाळी वाढल्या, चाळींच्या मागे इमारती. एका बाजूला दिवा आणि मुंब्रा, दुसऱ्या बाजूला कल्याण रस्त्यावर पलावाचे मनोरे. थोडं अंतर गेलं की हद्द बदलते, महापालिका बदलते, शाळेचं माध्यमही बदलतं. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशी चारही माध्यमांची मुलं एकाच फाट्यावरच्या एकाच वडापावच्या गाडीपाशी भेटतात. मनोऱ्यांत घरटी वायफाय, मुलाला स्वतंत्र टॅब. तिथून रिक्षानं काही मिनिटांवरच्या चाळीत चौघांत मिळून एक स्मार्टफोन, आणि तो बाबांचा.

आता या फोनचा दिवस पाहा. बाबा महापे नाहीतर तळोज्याच्या एमआयडीसीत, किंवा भिवंडीच्या गोदामात, किंवा गाडीवर. सकाळी फोन त्यांच्याबरोबर बाहेर पडतो. कामाचा फोन तोच, मुकादमाचा फोन तोच, पैसे येण्याजाण्याचा मार्गही तोच. रात्री नऊ-दहाला तो घरी येतो तेव्हा त्याची बॅटरी संपत आलेली असते आणि बाबांचीही. ‘वर्गाच्या ग्रुपवर टाकलंय’ हे शिक्षकाचं वाक्य सकाळी आठचं असतं. मुलाला त्याचा अर्थ रात्री कळतो. घरात दोन मुलं शिकणारी असली तर आधी कोण, हा प्रश्न येतो, आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर ‘दादा’ असं असतं. हे मी अंदाजानं म्हणत नाही. ग्रामीण भारताचा ‘असर’ अहवाल 2024 सालचं चित्र देतो: 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी जवळजवळ 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःच्या मालकीचा फोन मुलग्यांत 36.2 टक्क्यांकडे आणि मुलींत 26.9 टक्क्यांकडे. ‘असर’ खेड्यांचं सर्वेक्षण करतो आणि शीळफाटा कागदावर शहरात मोडतो. खरं तर तो धड शहर नाही, धड खेडं नाही. म्हणून हे आकडे इथे अगदीच परके वाटत नाहीत.

या एका गोष्टीवर बाकी सगळं ठरतं. साहित्य कितीही सुरेख असो, ते ठरावीक वेळेला हजर राहायला सांगत असेल तर बाबांच्या फोनवर ते चालत नाही. हवं तेव्हा उघडता येत असेल तर चालतं.

2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर आधी लांबणीवर पडला आणि मग रद्दच झाला, आणि एप्रिलमध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मालिका सुरू केली. रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून उतरंडीनं खाली यायचा: पुण्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून केंद्रप्रमुखाला, तिथून शिक्षकाला, तिथून पालकांच्या ग्रुपवर. शहरातल्या खासगी शाळांनी झूम आणि गुगल मीटवर थेट तास घ्यायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं गुगलशी हातमिळवणी करून गुगल क्लासरूम शिक्षकांसाठी खुलं केलं. केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना जुलैत आल्या: पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे दोन तास, नववी ते बारावीला चार. मुलांच्या डोळ्यांची काळजी म्हणून ते योग्यच होतं. पण त्या सूचनांनी मुलासमोर दिवसभर पडदा असेल असं गृहीत धरून मर्यादा घातली. फाट्यावरच्या चाळीत पडदाच रात्री नऊला यायचा, त्याला मर्यादा कसली घालणार?

त्या काळातले दोन प्रयोग मला अजूनही महत्त्वाचे वाटतात, कारण दोन्हींनी फोनची वेळ ओळखली होती. पहिला ‘टिलीमिली’. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं केलेली ही मालिका 20 जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दिसू लागली, पहिली ते आठवीसाठी. टीव्ही घरीच असतो, बाबांबरोबर कामावर जात नाही, त्याला डेटा पॅक लागत नाही. मालिकेत फळा-खडू नव्हता; घरात, अंगणात करून पाहायच्या गोष्टी होत्या. दुसरा प्रयोग त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेला ‘स्वाध्याय’. व्हॉट्सॲपवरच आठवड्याचे प्रश्न यायचे, मूल उत्तराचा क्रमांक टाइप करायचं, बरोबर-चूक लगेच कळायचं. थेट तासाला दहा वाजता हजर राहावं लागतं. ‘स्वाध्याय’ला आठवड्यातल्या कुठल्याही रात्री बसता यायचं. तंत्रज्ञान म्हणून त्यात भपका काही नव्हता, आणि तोच त्याचा गुण.

जिथे फोनच नव्हता तिथे लोकांनी काय केलं तेही या हिशेबात धरलं पाहिजे. मोखाडा तालुक्यातल्या दांडवळला (2014 पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता) दिगंत स्वराज फाउंडेशननं ‘बोलकी शाळा’ भरवली: लाउडस्पीकरवर रेकॉर्ड केलेला धडा, समोर अंतर राखून बसलेली मुलं. सोलापूरच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले. वीटभट्टीवरच्या मुलांपर्यंत शाळा नेण्यासाठी विधायक संसद या संस्थेनं 1990 च्या दशकात ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा काढल्या होत्या, त्यांची आठवण यावी असं हे काम. साहित्य पोचवायचं म्हणजे मुलाचा पत्ता आधी शोधायचा, हे भोंगाशाळेनं इंटरनेटच्या कितीतरी आधी सांगितलेलं होतं.

पत्त्यावर साहित्य पाठवणं आपल्याला नवीन नाही. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था 1971 ची, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं. कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी कारकुनांनी आणि गृहिणींनी टपालानं किंवा केंद्रावरून मिळालेल्या त्या जाड पुस्तिकांवर पदवी घेतली. 2001 ला एमकेसीएल आलं आणि त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या. तिथे अभ्यास संगणकात आधीच भरलेला असायचा, इंटरनेट असो वा नसो. मग डिजिटल शाळांची लाट. तिचा उगम शीळफाट्यापासून फार लांब नाही. याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकानं प्रोजेक्टर आणि टॅबवर वर्ग चालवून दाखवला. बघायला राज्यभरातून शिक्षक आले. 2015 च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाल्यावर गावोगावी लोकवर्गणीतून एलईडी टीव्ही, प्रोजेक्टर, साउंड सिस्टिम आल्या. पुढे त्यातल्या बऱ्याच शाळांची वीजजोडणी बिल थकून तुटल्याच्या बातम्याही आल्या. टीव्हीला वर्गणी मिळते, बिलाला मिळत नाही. टीव्हीसमोर फोटो काढता येतो.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी आणखी साधी वाट काढली. पुस्तकातच क्यूआर कोड छापायचा. मूल पुस्तक उघडणारच आहे. पानावरचा चौकोन फोनला दाखवला की त्या धड्याची कविता ऐकू येईल, व्हिडिओ दिसेल. पुढे राज्यानं ही कल्पना सगळ्या पाठ्यपुस्तकांसाठी उचलली, आणि डिसले गुरुजींना डिसेंबर 2020 मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. दहा लाख डॉलरचं ते बक्षीस. त्यातलं अर्धं त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकलं. त्या कोडमागे आज ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ आहे. ते 5 सप्टेंबर 2017 ला सुरू झालं. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, 5 सप्टेंबर 2016 ला, जिओची सेवा सुरू झाली होती. स्वस्त डेटा आधी आला नसता तर त्या चौकोनांचं काय झालं असतं याची कल्पना करावी.

डिसले यांच्या कल्पनेतलं शहाणपण असं, की त्यांनी छापील पुस्तक सोडलं नाही. 2020 च्या ‘असर’ सर्वेक्षणातले आकडे याच्या शेजारी ठेवून पाहावेत. स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या मुलांचं प्रमाण दोन वर्षांत 36.5 टक्क्यांवरून 61.8 वर गेलं होतं. तरी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही साहित्य मिळालं, असं सांगणारी मुलं साधारण एक तृतीयांशच. चालू इयत्तेची पाठ्यपुस्तकं मात्र 80 टक्क्यांहून जास्त मुलांकडे होती. टाळेबंदीतही पुस्तक पोचलं. फाइल पोचली नाही.

फाइल का पोचत नाही? उत्तर नेटवर्कमध्ये शोधायची सवय आहे, पण फाट्यावर नेटवर्क बरं आहे. अडचण फाइलमध्येच असते. ती आधी फॉन्टपासून सुरू होते. आपल्याकडे शाळांत आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका टाइप झाल्या त्या श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये. संगणकावर तो फॉन्ट असेपर्यंत सगळं छान. तीच वर्डची फाइल फोनवर उघडली की ‘कवितेचे रसग्रहण करा’च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची खूण यांची भेळ दिसते. मग शिक्षक पीडीएफ करतात. ते जमलं नाही तर कागदाचा फोटो काढतात, तोही संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली, कोपऱ्यात अंगठ्यासकट. फोटो तीन ग्रुप फिरून येतो तोवर अपूर्णांकातला छेद पुसट होतो. अंध विद्यार्थ्याचा प्रश्न तर कुणाच्या मनातच येत नाही. फोनमधला वाचून दाखवणारा आवाज युनिकोड मजकूर वाचू शकतो, फोटो त्याच्यापुढे कोरा कागद. युनिकोडमध्ये टाइप करायला आज पैसा लागत नाही, फोनवर बोलूनही मराठी टाइप होतं. इतकी स्वस्त सुधारणा शिक्षण खात्याला दुसरी सापडणार नाही.

फॉन्टनंतर आकार. वीस मिनिटांचा व्हिडिओ बाबांच्या फोनवर येतो तेव्हा ‘स्टोरेज फुल’ आलेलं असतं, कारण आधीच गावाकडच्या लग्नाचे फोटो आणि सुप्रभाताची फुलं भरलेली आहेत. जागा करायची म्हणून पहिलं काय उडवलं जातं? अभ्यास. नंतर मूल शोधायला जातं तर फाइल उघडत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा असं फोन म्हणतो. सरांना रात्री साडेदहाला कोण सांगणार! आणि सापडली तरी नाव काय, तर ‘डॉक्युमेंट 1’, ‘न्यू फाइनल’, किंवा नुसते आकडे. ‘सातवी विज्ञान धडा 4’ असं नाव द्यायला शिक्षकाला काही सेकंद लागतात. ते दिलं नाही तर तीस मुलांच्या घरी रोज शोधाशोध होते.

म्हणून फाट्यावर ऑनलाइन साहित्याचं खरं वितरण केंद्र कोणतं म्हणाल, तर झेरॉक्सचं दुकान. इथे पोरं बाबांचा फोन घेऊन येतात, दुकानातल्या संगणकाच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात, मागून-पुढून प्रिंट काढून घेतात. परीक्षेच्या आठवड्यात रांग लागते. दहावी-बारावीच्या अपेक्षित प्रश्नसंचांपासून पोलीस भरतीच्या सरावप्रश्नांपर्यंत सगळं इथे कागद होतं. पुण्या-मुंबईच्या संस्थांनी ज्याला ‘पेपरलेस’ म्हणून टाळ्या घेतल्या, त्याचा खर्च असा पानापानानं पालकाच्या खिशातून जातो. तरी पालक तो करतात, कारण कागद दोन भावंडांत वाटता येतो, त्याला चार्जिंग लागत नाही आणि त्यावर रील येत नाही.

या दुकानात कायदाही डोकावतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा लावला होता. प्राध्यापकांनी सुचवलेल्या प्रकरणांचे संच तिथे विकले जात. 16 सप्टेंबर 2016 ला दिल्ली उच्च न्यायालयानं दावा फेटाळला: शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेली नक्कल हा कॉपीराइट कायद्यानंच दिलेला अपवाद आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हात घालायला नकार दिला. याचा अर्थ टेलिग्रामवर अख्खं मराठी पुस्तक स्कॅन करून हजारोंना वाटणं हलाल झालं असा मात्र नाही. स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांचं तिथे जे चाललंय ते वितरण नव्हे, मराठी लेखकाच्या आणि छोट्या प्रकाशकाच्या पोटावर पाय आहे. वर्गातल्या चाळीस मुलांसाठी एका प्रकरणाची प्रत काढणाऱ्या शिक्षकानं घाबरू नये, आणि ‘सर्व पुस्तके मोफत’वाल्या चॅनेलचं कौतुक करू नये. दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं.

मोफत आणि रीतसर असं मराठीत काय आहे याची यादी केली तर थक्क व्हायला होतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं वेगवेगळ्या माध्यमांत पीडीएफ स्वरूपात तिच्या संकेतस्थळावर आहेत, म्हणजे मुंब्र्याच्या उर्दू शाळेची सोयही तिथेच. ‘किशोर’ मासिक 1971 ला निघालं. त्याचे जुने अंक घरबसल्या वाचता येतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी बनवण्याच्या फिल्म आहेत, मराठीतही, आणि पुस्तकं इतकी की एखाद्या तालुक्याच्या वाचनालयात नसतील. मराठी विश्वकोश आहे. खान अकॅडमीचं गणित मराठीत आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’नं संगणक शिकवणारे धडे मराठी आवाजात केले. ते दहाएक मिनिटांचेच ठेवले, आणि उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतील असे. पवईत बसलेल्या प्राध्यापकांनी शीळफाट्याच्या फोनची कुवत ओळखली होती, असं म्हणावं लागेल.

इतकं असताना मुलाच्या हाती पडतं काय? कुठल्यातरी क्लासची जाहिरात मधे घातलेला, लोगो डकवलेला, चुकीच्या आवृत्तीचा प्रश्नसंच. कारण उघड आहे. सरकारी आणि संस्थांचं साहित्य संकेतस्थळावर जाऊन बसतं आणि वाट बघतं. जाहिरातवाला ते व्हॉट्सॲपवर घरापर्यंत आणून टाकतो.

मधला दुवा शिक्षक, आणि तो दुवा दमलेला आहे. शाळेतलं ‘ऑनलाइन’ काम मुलांकडे जाण्याऐवजी वर जातं. सरल आणि यू-डायस या सरकारी प्रणालींत भरायची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, अमुक दिनाचे फोटो, तमुक शपथेचा व्हिडिओ, त्याची लिंक, लिंक भरल्याचा स्क्रीनशॉट. शिक्षक संघटनांच्या निवेदनांत ऑनलाइन कामांचा मुद्दा वर्षानुवर्षं येत असतो. गेल्या दशकात सरकारनं शिक्षकाच्या फोनमध्ये जेवढी ॲप घातली, त्यातली माहिती गोळा करणारी किती आणि मुलाला काही देणारी किती, याचा हिशेब एखाद्या आमदारानं विधानसभेत मागावा. शिक्षकाचा दिवस वरच्या फाइली भरण्यात जातो. मग मुलांसाठी उरतो तो रात्री जेवता जेवता केलेला एक फॉरवर्ड.

तरीही जिथे शिक्षकाला थोडी उसंत मिळते तिथे फार कमी साधनांत काम होतं, हेही याच भागात दिसतं. सगळ्यात जास्त उघडली जाणारी गोष्ट म्हणजे बाईंचा स्वतःचा आवाज. दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज: ‘बाळांनो, पान 37 काढा, आकृती बघा, आणि घरातल्या बादलीत हे करून पाहा.’ त्याला जागा लागत नाही, डेटा जवळजवळ लागत नाही, अक्षरओळख नसलेली आईही तो लावून देऊ शकते, आणि मूल ऐकतं कारण आवाज ओळखीचा आहे. उत्तम कॅमेऱ्यावर चित्रित केलेल्या अनोळखी तज्ज्ञाला ते भाग्य मिळत नाही. दुसरी गोष्ट वेळेची: हुशार शिक्षक रात्री आठनंतर टाकतात, शनिवारी आठवड्याचं एकदम टाकतात. तिसरी, दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतात. विचारलं नाही तर पाठवलेलं कुणी बघत नाही. विचारलं तर ज्याच्याकडे फोन नव्हता तो शेजारच्याकडून ऐकून येतो. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं होतं, आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमं पाहिली होती. हा एकोणीस टक्क्यांचा फरक नव्या ॲपनं भरणार नाही, उद्या कुणीतरी विचारणार आहे या धाकानं भरेल.

शिक्षण खात्याकडे मागायचंच तर एवढं मागावं: मुलांना जाणारं प्रत्येक साहित्य युनिकोडमध्ये, लहान आकारात, इयत्ता आणि धड्याच्या नावासह द्या, प्रत्येक शाळेला छपाईसाठी कागद आणि शाई यांचा स्वतंत्र पैसा द्या, म्हणजे झेरॉक्सची रांग शाळेत संपेल, आणि एक नवं ॲप आणायच्या आधी दोन जुनी बंद करा.

आणि वाचकहो, हा दिवाळी अंक तुमच्या हाती आहे म्हणजे दिवाळीची साफसफाई नुकतीच झाली असणार. कपाटात एखादा जुना, चालू स्थितीतला स्मार्टफोन निघाला असेल तर तो भंगारात देऊ नका. त्यातली आपली खाती आणि फोटो नीट पुसा. घरच्या वायफायवर बालभारतीची एका इयत्तेची पुस्तकं, ‘किशोर’चे दहा-बारा अंक, अरविंद गुप्तांच्या थोड्या फिल्म उतरवून ठेवा, सिम कार्ड नसलं तरी चालेल. मग जवळच्या महापालिका किंवा जिल्हा परिषद शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या हाती द्या आणि घरी फोन नसलेल्या मुलीला तो आठवड्याच्या बोलीनं घरी नेऊ द्या असं सांगा. चार्जर द्यायला विसरू नका.